हातांवर उभी राहिलेली मोटार कंपनी



मोबाइलच्या चार्जरपासून दिवाळीच्या माळांपर्यंत चीनचा माल आपल्या घरात आहे. गटाच्या बैठकीत कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, "एवढं स्वस्त देतात तरी कसं?" याचं उत्तर आज आम्ही एका मोटार कंपनीच्या गोष्टीतून देणार आहोत. कंपनीचं नाव बीवायडी. २०२४ साली तिने ४२ लाखांहून जास्त गाड्या विकल्या. काही निव्वळ विजेवरच्या, काही वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या. निव्वळ पेट्रोलची गाडी बनवणं तिने मार्च २०२२ मध्येच थांबवलं.

पण ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचा मोटारीशी काहीच संबंध नव्हता. तिचे संस्थापक वांग च्वानफू यांचा जन्म १९६६ साली आन्हुई प्रांतातल्या एका गरीब शेतकरी घरात झाला. शाळेत असतानाच आईवडील गेले, थोरल्या भावाने आणि वहिनीने शिकवलं. ते रसायनशास्त्र शिकले, बीजिंगच्या सरकारी संशोधन संस्थेत लागले. मग ती नोकरी सोडून १९९५ मध्ये त्यांनी दक्षिणेकडच्या शेन्झेन शहरात कारखाना काढला. भांडवल म्हणजे नात्यातल्या भावाकडून घेतलेले २५ लाख युआन, आणि सोबत वीसेक माणसं. माल एकच: पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या.

त्या काळात या धंद्यावर जपानी कंपन्यांची पकड होती. त्यांच्याकडे बॅटरी बनवणारी भली मोठी स्वयंचलित यंत्रं होती. तसं यंत्र विकत घ्यायचं तर वांग यांचं सगळं भांडवल घालूनही पुरलं नसतं. तेव्हा त्यांनी यंत्राचं काम तोडलं. पत्रा कापणं, लेप देणं, गुंडाळी करणं, नळीत भरणं, डाग देणं, तपासणं अशी छोटी छोटी कामं पाडली आणि एकेक काम एकेका माणसाच्या हातात दिलं. जिथे हाताला जमणार नाही तिथेच साधं, घरचं बनवलेलं यंत्र ठेवलं.

पापडाचा उद्योग करणाऱ्या गटांना हे लगेच कळेल. एक पीठ मळते, एक लाट्या करते, एक लाटते, एक वाळत घालते. प्रत्येकीचा हात एकाच कामाला बसला की वेग येतो. आता ओलाव्याचंच घ्या. दमट हवेत पापडाचं जे होतं त्याहून वाईट लिथियमच्या बॅटरीचं होतं, पाण्याचा अंश लागला की ती बिघडते. म्हणून जपानी कारखान्यांत अख्खी खोलीच कोरडी ठेवत, आणि तो खर्च अफाट असे. वांग यांच्या कारखान्यात खोलीऐवजी पारदर्शक पेट्या आल्या. हवा फक्त पेटीतली कोरडी. पेटीला हातमोजे बसवलेले, कामगाराने बाहेरून हात घालायचे आणि आतलं काम करायचं. आम्हाला विचाराल तर या कंपनीचं सगळं मर्म त्या पेटीत आहे. २००० साली मोटोरोला आणि त्यानंतर दोन वर्षांत नोकिया हे मोबाइलवाले तिचे गिऱ्हाईक झाले.

मग ते हात कुणाचे होते? शेन्झेनच्या कारखान्यांत काम करायला खेड्यापाड्यांतून लाखो तरुण मुलंमुली आली, आणि बारीक जोडकामाला मुलींचीच मागणी जास्त. मूळ पगार कमी, हातात पैसे यायचे ते जादा तासांचे. राहणं कारखान्याच्या वसतिगृहात, एका खोलीत अनेक जणी. चीनमध्ये माणसाची नोंद जन्मगावाला असते, तिला 'हुकोउ' म्हणतात. शहरात दहा वर्षं राबलं तरी ती नोंद गावाचीच राहू शकते, आणि मग मुलाला शहरातल्या सरकारी शाळेत घालणं अवघड होतं. म्हणून मूल गावी आजीआजोबांपाशी आणि आईबाप शहरात, अशी घरं तिथे कोट्यवधी आहेत. नव्या वर्षाच्या सणाला तेवढी भेट. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. स्वस्त बॅटरीच्या किमतीत ही ताटातूट कुठेच लिहिलेली नसते.

२००३ साली वांग यांनी शीआन शहरातली छिन्च्वान ही रखडलेली सरकारी मोटार कंपनी विकत घेतली. शेअर बाजारात बीवायडीचा भाव धाडकन खाली आला, कारण बॅटरीवाल्याला मोटारीतलं काय कळतं, असंच लोकांचं म्हणणं. दोन वर्षांनी आलेली त्यांची एफ-३ ही गाडी टोयोटाच्या कोरोलासारखी हुबेहूब दिसायची. ती स्वस्त होती आणि खपली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉरन बफे यांच्या कंपनीने २३ कोटी डॉलर घालून सुमारे दहा टक्के वाटा घेतला आणि सगळ्या जगाचे कान टवकारले.

एक गोष्ट मात्र कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. २०१० साली चीनच्याच भूमी मंत्रालयाने शीआनमधल्या या कंपनीच्या सात कारखाना-इमारती जप्त करायला सांगितल्या आणि दंड ठोठावला. सुमारे १२० एकर जमीन शेतीसाठी राखीव असताना तिच्यावर बांधकाम झालं होतं.

आता बॅटरीकडे परत येऊ, कारण विजेच्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू तीच. बहुतेक कंपन्या ती बाहेरून घेतात, ही घरी करते. मोटर, इलेक्ट्रॉनिक चिप आणि आता तर गाड्या परदेशी न्यायची जहाजंही तिचीच. स्वतःचं दूध, स्वतःचं विरजण, तूपही स्वतःच कढवायचं, असा हिशेब. मधला कुणीच नफा काढत नाही. २०२० मध्ये तिने 'ब्लेड' बॅटरी आणली. आतले सेल पात्यासारखे लांब आणि चपटे, म्हणून ते नाव. तिच्यात लोह आणि फॉस्फेट असतं, महागडं कोबाल्ट नसतं. एका वेळच्या चार्जमध्ये ती थोडी कमी पळते, पण स्वस्त पडते आणि सहसा पेट घेत नाही. त्याच वर्षी करोना आला, आणि याच कंपनीने आठवड्यांत यंत्रं जुळवून मार्चमध्ये दिवसाला ५० लाख मास्क काढले. हातांचं बरंचसं काम आता यंत्रमानव करतात, तरी २०२४ च्या अखेरीस कंपनीकडे ९ लाखांहून जास्त माणसं होती.

स्वस्ताईला सरकारचाही हात आहे. चीन सरकारने विजेच्या गाड्यांना कित्येक वर्षं अनुदान दिलं. त्यावरूनच युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बीवायडीच्या विजेच्या गाड्यांवर १७ टक्के जादा जकात बसवली.

आणि राहिली उधारी. कंपनीला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने पैशांसाठी महिनोन्‌महिने थांबायचे. माल आज द्यायचा आणि पैसे पुढे कधीतरी मिळणार म्हणून चिठ्ठी घ्यायची. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने पुरवठादारांकडे दहा टक्के भाव कमी करण्याची मागणी केली, ते पत्र बाहेर फुटलं. जून २०२५ मध्ये सरकारचा दबाव आला, तेव्हा बीवायडीसह चीनच्या मोठ्या मोटार कंपन्यांनी ६० दिवसांत पैसे देण्याचं कबूल केलं. ज्या गटांनी दुकानदाराला मसाला उधारीवर दिला आहे त्यांना साठ दिवस म्हणजे काय ते ठाऊक आहे.

परदेशातही प्रश्न उभे राहिले. ब्राझीलमधल्या कमसारी इथे फोर्डच्या जुन्या कारखान्याच्या जागी बीवायडीचा कारखाना बांधला जात होता. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी एका ठेकेदाराकडच्या १६३ चिनी कामगारांची सुटका केली. गुलामीसारखी स्थिती, असं अधिकाऱ्यांनी म्हटलं. पासपोर्ट काढून घेतल्याचाही आरोप होता. ठेकेदाराने तो नाकारला. बीवायडीने त्याच्याशी करार तोडला.

भारतात मोठा मोटार कारखाना काढण्याचा या कंपनीचा प्रस्ताव २०२३ मध्ये केंद्र सरकारने मान्य केला नाही. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला २०२० पासून सरकारची आधी मंजुरी लागते. पण तिची कारागिरी आपल्याकडे पोचली आहे. २०१९ पासून पुण्यात पीएमपीएमएलच्या ताफ्यात धावणाऱ्या विजेच्या बस हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीने दिल्या, तंत्रज्ञान बीवायडीचं. बस खासगी कंपनीची, चालकही तिचाच, वाहक मात्र पीएमपीएमएलचा, आणि कंपनीला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरवर.