कचऱ्याच्या भरावाखालील अस्तर खडबडीत का असावे?

शास्त्रोक्त भूभरण क्षेत्रात कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी भूजलात मिसळू नये, यासाठी तळाशी आणि उतारांवर दाबलेली चिकणमाती व प्लास्टिकची चादर यांचे अस्तर घातले जाते. मात्र ही चादर गुळगुळीत असल्यास तिच्यावरील संपूर्ण भरावच घसरू शकतो, हे अमेरिकेतील एका दुर्घटनेने दाखवून दिले.

कॅलिफोर्नियातील केटलमन हिल्स येथे १९ मार्च १९८८ रोजी घातक कचऱ्याचा सुमारे २७ मीटर उंचीचा भराव काही तासांत सरकला. तो आडव्या दिशेने सुमारे ११ मीटरपर्यंत पुढे गेला आणि काही ठिकाणी ४ मीटरहून अधिक खचला. जेम्स मिचेल, रेमंड सीड आणि एच. बोल्टन सीड या अभियंत्यांच्या अभ्यासानुसार, ही घसरण अस्तराच्या थरांमधील संपर्कपृष्ठांवरून झाली होती. तेथील घर्षणकोन काही ठिकाणी अवघा ८ ते ९ अंश आढळला.

घर्षणकोन ८ अंश असल्यास १०० किलो वजनाची वस्तू सपाटीवर सरकविण्यास सुमारे १४ किलोंचा आडवा जोर पुरतो. हाच कोन २५ अंश झाल्यास सुमारे ४७ किलोंचा जोर लागतो. थरांमधील या प्रतिकारास कर्तन सामर्थ्य म्हणतात.

ते वाढविण्यासाठी खडबडीत पृष्ठभागाच्या चादरी वापरल्या जातात. चादर तयार होतानाच बाहेरच्या थरात नायट्रोजन वायू सोडून किंवा ठसे उमटवून हा खडबडीतपणा आणला जातो. त्यावरील उंचवटे माती अथवा कापडी थरात रुततात. परंतु थर एकदा सरकू लागले, की उंचवटे झिजतात आणि सामर्थ्य घटते. त्यामुळे केवळ कमाल सामर्थ्यावर विसंबणे धोक्याचे असते. प्रत्यक्ष वापरावयाच्या माती व चादरीचे नमुने घेऊन, अपेक्षित दाबाखाली आणि ओलसर स्थितीत चाचणी करणे आवश्यक ठरते.

भारतात घनकचऱ्याविषयीच्या २००० आणि २०१६ च्या नियमांत दीड मिलिमीटर जाडीची चादर आणि तिच्याखाली ९० सेंटिमीटर मातीचा थर सांगितला होता. ही जाडी गळती रोखते. उतारावर भराव टिकून राहणे मात्र पृष्ठभागाच्या पकडीवरच अवलंबून असते.