ईजीआरची वाट बंद करताना

डिझेल मोटारीच्या धुराड्याकडे निघालेल्या वायूंचा काही अंश ‘ईजीआर’ नामक झडपेतून पुन्हा इंजिनात घेतला जातो, तो एवढ्यासाठी की त्यायोगे आतील प्राणवायूचे प्रमाण घटावे, ज्वलनाचे कमाल तापमान उतरावे आणि नत्र व प्राणवायू यांच्या संयोगातून नायट्रोजन ऑक्साइडसारखे घातक वायू निपजण्यास आळा बसावा. ही झडप काजळीने तुंबली, गाडी ओढेनाशी झाली, की धातूची पातळ पट्टी बसवून ती वाटच बंद करण्याचा सल्ला मालकास मिळतो. काजळी त्याने कमी होते, हे खरे. परंतु डोळ्यांना न दिसणारे विष वाढते, आणि पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची केवळ दाटी मोजली जात असल्यामुळे दाखल्यात ते उमटतच नाही. नागपूरच्या प्रखर वैशाखी उन्हात हेच वायू जमिनीलगत ओझोन निर्माण करण्यास कारण होतात, आणि तो दमेकऱ्यांच्या छातीला बाधतो. १ एप्रिल २०२० पासून अमलात आलेल्या बीएस-६ मानकांनी डिझेल मोटारींसाठी या वायूंची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आणली आहे. झडप उतरवून साफ करावी, निकामी असेल तर बदलावी. खर्चाची सबब मला येथे ग्राह्य वाटत नाही.