वाच्यता आणि वाचा

झाकलेली गोष्ट बाहेर येण्याला मराठीत अनेक नावे आहेत, आणि प्रत्येक नाव त्या कृतीचा निवाडाही करते. शासन निर्णय जाहीर करते. कार्यालय कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवते. तेथे त्याचा अर्थ स्पष्टीकरण, तर हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. लबाडाचे बिंग फुटते, परीक्षेचा पेपर फुटतो आणि अन्यायाला वाचा फुटते. क्रियापद एकच; पण पेपर फोडणे हा विश्वासघात आणि वाचा फोडणे हे धैर्य. उलट, दुसऱ्याच्या गुपिताची वाच्यता करू नये, असेही वडीलधारी माणसे बजावतात.

मग बोलावे केव्हा आणि मौन पाळावे केव्हा? सातारा व सांगली जिल्ह्यांना या प्रश्नाने खोल जखम दिली आहे.

२००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली साताऱ्यात ८७८, तर सांगलीत ८५१ होत्या. राज्याचे प्रमाण ९१३ होते. गर्भाचे लिंग ही माहिती खोटी नव्हे. परंतु ती कळताच अनेक कळ्या खुडल्या गेल्या. म्हणूनच १९९४ च्या केंद्रीय कायद्याने ती शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास मनाई केली. येथे वाच्यता हाच अपराध ठरला.

या अपराधाला वाचा फोडण्याचे कामही याच भूमीत झाले. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळाने गर्भवती स्त्रियांच्या साहाय्याने सापळे रचून बेकायदा तपासणी करणारी केंद्रे उघडकीस आणली. २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार लाभला. तरीही २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे एका विवाहितेच्या मृत्यूनंतर तपास झाला, तेव्हा जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. तोवर सारे झाकलेलेच होते.

काही वेळा घराचे मन नावातूनच उघड होते. मुलीचे नाव ‘नकुसा’ ठेवणे म्हणजे ती नकोशी असल्याची आयुष्यभराची जाहिरात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

जैन आचारशास्त्राने हा विवेक फार पूर्वी सांगितला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार येतात. त्यांत केवळ मिथ्या उपदेश व खोटे लेखन नाही. दुसऱ्याचे एकांतातील वर्तन उघड करणारे रहोभ्याख्यान आणि हावभावांवरून ओळखलेला हेतू फोडणारा साकारमंत्रभेद हेही आहेत. म्हणजे खरे बोलूनही सत्यव्रताला दोष लागू शकतो. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या नऊ प्रकारांत पहिले स्थान आलोचनेला आहे : गुरूंसमोर स्वतःचा दोष काहीही न लपवता सांगणे.

दुसऱ्याचे गुपित राखावे, स्वतःचा दोष सांगावा आणि जिवाचा घात होत असेल तर गप्प बसू नये, एवढे या शब्दांच्या छटा शिकवतात. सोनोग्राफी केंद्रातील मनाईचा फलक डॉक्टरांसाठी आहे, तसा आपल्यासाठीही आहे. ‘मुलगा की मुलगी?’ हा प्रश्न कुटुंबाने विचारलाच नाही, तर उत्तर फुटण्याचे कारणच उरणार नाही.