१ ऑक्टोबरचा पट

आपल्याकडे माहितीचा अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात मात्र माणूस सज्ञान असला की पुरे, आणि ‘कशाला हवी माहिती?’ असं विचारायची अधिकाऱ्याला मुभा नाही. व्हिसावर राहणाऱ्या मला हे फार आवडलं. तिथल्याच न्यू ऑर्लीन्स शहरातल्या शाळांना पत्रं लिहायला बसलो ते त्या भरात.

प्रश्न साधा होता. ऑक्टोबरमध्ये पटावर असलेली किती मुलं फेब्रुवारीपर्यंत शाळा सोडून गेली? राज्य पैसे देतं पटावर आणि पट मोजतं १ ऑक्टोबरला, मग १ फेब्रुवारीला. आपल्या ३० सप्टेंबरच्या पटासारखंच. महाराष्ट्रातली बोगस पट उघड करणारी २०११ची पटपडताळणी ज्यांना आठवते, त्यांना अशा आकड्याकडे डोळे किलकिले करून का पाहायचं हे सांगायला नको. राज्याचे दोन्ही तक्ते सहज मिळतात, पण त्यांची वजाबाकी फसवी असते. वीस मुलं गेली आणि वीस नवी आली, की पट जागचा हलत नाही. गेलेली वीस कोण, हे शाळेलाच विचारावं लागतं.

आणि इथे शाळा म्हणजे एक खातं नव्हे. २००५च्या कतरिना वादळानंतर राज्यानं शहरातल्या बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू ना-नफा संस्थांना चालवायला दिल्या. या चार्टर शाळा. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा, म्हणजे आपल्या अनुदानित शाळांची आठवण यावी. मात्र निकाल घसरला तर इथे संस्थेचा करारच जातो. २०१८ मध्ये शाळा स्थानिक शिक्षण मंडळाकडे परतल्या, पण दप्तर राहिलं संस्थांकडेच. त्यामुळे एकच प्रश्न प्रत्येक संस्थेला वेगळा विचारायचा.

एकीनं दोन दिवसांत स्वच्छ एक्सेल पाठवली. दुसरीनं तिरकी स्कॅन केलेली पानं. तिसरीचं उत्तर वकिलाकडून आलं: अशी यादी आमच्याकडे नाही, आणि नसलेली तयार करायला कायदा सांगत नाही. (खरंच सांगत नाही.) आलेले कागद शेजारी ठेवले तर एकीकडे ‘बदली’, दुसरीकडे ‘नाव काढलं’, तिसरीकडे ‘आलाच नाही’. आपणहून कोण गेलं आणि कुणाला वाट दाखवली गेली, हे यातून कळायचं कसं? मला लबाडी फारशी दिसली नाही. एकाच पद्धतीनं लिहा, असं त्यांना कुणी बजावलेलंच दिसत नव्हतं.

खरी गंमत झाकलेल्या रकान्यांत होती. मूल ओळखू येऊ नये म्हणून छोटे आकडे झाकतात; १९७४च्या केंद्रीय कायद्याचा तो धाक, आणि योग्यच आहे. पण मी इयत्तावार आकडे मागितले होते, आणि एका शाळेनं दहाच्या आतले सगळे झाकले. बालवाडी ते आठवी धरून इयत्ता नऊ. प्रत्येकीतून आठ मुलं गेली तर बहात्तर मुलं गेली, आणि कागदावर एकही नाही! चूक माझ्या प्रश्नात होती.

नव्या पत्रांत इयत्ता काढून टाकली; शाळेचा एकूण आकडा मागितला आणि शाळा सोडण्याची कारणं त्यांच्याच शब्दांत. उत्तराविना कामाचे पाच दिवस उलटले की कोर्टाचं दार उघडतं. दोन संस्थांचे ते दिवस उलटून गेले आहेत. सध्या मी त्यांना फोन करतो आहे.