अश्वमर्दन : सेवेतील घोड्याची मालिश



आषाढी वारीच्या आधी, ज्येष्ठ महिन्यात, आपल्या बेळगाव जिल्ह्यातील अंकली गावाहून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीकडे प्रस्थान ठेवतात. कृष्णाकाठच्या या गावापासून आळंदीपर्यंतचे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर ते पायी चालून जातात आणि तेथून श्री ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर गाठतात. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, तो माउलींचा अश्व. रिंगणात हे अश्व धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी भाविकांची झुंबड उडते. एवढी वाट तुडविणाऱ्या कोणत्याही अश्वाचे पाय व पाठ मुक्कामी पोहोचल्यावर कशा स्थितीत आहेत, हे पाहण्याचे काम मात्र मोतद्दाराच्या दोन हातांवर असते. प्रस्तुत लेख त्या हातांच्या कामाविषयी आहे.

खरारा आणि मालिश या दोन गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. खराऱ्याने अंगावरची धूळ, वाळलेला घाम व सुटे केस निघतात. मालिश त्वचेखालील स्नायूंसाठी असते. जुन्या पागांतून दोन्ही कामे एकाच बैठकीत होत, म्हणून शब्दांची सरमिसळ झाली असावी. आपल्याकडे या सेवेची परंपरा दीर्घ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यांना दिवसातून दोन वेळा स्नान, गंध व माळा द्याव्यात असे सांगितले आहे. अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य म्हणून शालिहोत्रांचे नाव घेतले जाते. हिंदीत घोड्यांच्या वैद्यास ‘सालोतरी’ म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला. दूर ग्रीस देशात झेनोफन या सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याच्या पाठीच्या कण्यावर कोणतेही साधन चालवू नये, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने केवळ हाताने चोळावे, असे त्यात सांगितले आहे. हा उपदेश आजही जसाच्या तसा लागू आहे.

मालिशीची गरज का पडते, हे अश्वाच्या शरीररचनेवरून कळते. मनुष्याच्या खांद्यास गळ्याच्या हाडाचा आधार असतो. घोड्यास ते हाडच नाही. त्याचे पुढचे दोन पाय धडाशी केवळ स्नायू व बंध यांनी जोडलेले आहेत. जणू छाती त्या दोन पायांमध्ये झोळीसारखी टांगलेली असते. शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक, सुमारे साठ टक्के भार याच पायांवर येतो. त्यातच वर खोगीर, झूल, चांदीचा साज व स्वार. डांबरी रस्त्यावर दिवसभर चाललेल्या घोड्याचे खांदे व मानेचा बुंधा सर्वांत आधी आखडतात. उलट, गुडघ्याच्या पातळीखाली चारही पायांत मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. तेथे कंडरा, हाड व कातडे एवढेच. म्हणून खांद्यावर जसा जोर द्यावयाचा तसा नळीवर देणे चूक होय. तेथे हलक्या ओंजळीने, खालून वर, हृदयाच्या दिशेने हात फिरवावा, म्हणजे उभे राहून उतरलेली सूज ओसरण्यास मदत होते.

प्रत्यक्ष पद्धत कठीण नाही, पण घाईची नाही. घोडा मुक्कामी आल्यावर प्रथम त्यास सावकाश फिरवून श्वास शांत होऊ द्यावा. पाणी पाजावे. विसावलेल्या निरोगी अश्वाची नाडी मिनिटाला साधारण ३० ते ४० ठोके असते. ती त्या जवळपास उतरल्याखेरीज मालिशीस हात घालू नये. मालिश करणाराने बाजूस उभे राहावे, पाठीमागे कधीही नाही, आणि एक हात सतत अंगावर ठेवावा, जेणेकरून आपण कोठे आहोत हे त्यास कळत राहील. कानामागून आरंभ करून मानेवरून सपाट तळहाताने खाली यावे, मग मान जेथे पाठीस मिळते त्या उंचवट्यावर थांबावे. हे स्थान फार महत्त्वाचे आहे. कळपातील घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुधा येथेच. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या जागी हाताने खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, अन्यत्र खाजविल्यास तसे होत नाही, असे आढळले. भेदरलेल्या घोड्यास शांत करण्यासाठी आपण नाकावर थापट्या मारतो. त्यापेक्षा हा उंचवटा चोळणे कितीतरी बरे!

पुढे खांदा, मग कण्याच्या दोन्ही अंगांनी जाणारे लांब स्नायू, शेवटी पुठ्ठे व मांड्या. कण्याच्या हाडांवर दाब देऊ नये. दाब वाढवायचा तो तळहाताच्या टाचेने, हळूहळू. किती दाब पुरे, हे घोडाच सांगतो. मान खाली येणे, खालचा ओठ सैल पडणे, पापण्या जड होणे, जीभ फिरविणे, जांभई देणे ही सुखाची लक्षणे. कान मागे चिकटविणे, शेपूट झटकणे, पाठ खाली दबविणे किंवा पाय उचलणे ही नकाराची. नकार आला की हात मागे घ्यावा. त्या जागी काही दुखत आहे असे समजावे.

मालिशीचा मोठा लाभ मला येथेच दिसतो. रोज फिरणाऱ्या हातास काल नसलेली गरमी, गाठ किंवा सूज आज लागते. खोगीर काढताच घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा चट्टा दिसला, तर बहुधा तेथे खोगिराचा दाब नको इतका पडत आहे. हे जखम होण्याआधी कळते. घोडा बोलत नाही, आणि कळपातला प्राणी असल्याने दुखणे लपवितोही.

पाश्चात्त्य देशांत हे शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे उभे राहिले. अमेरिकेतील जॅक मेघर यांनी खेळाडूंच्या मालिशीचे तंत्र शर्यतीच्या व स्पर्धेच्या घोड्यांवर वापरले आणि १९८५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे या विषयाचे अभ्यासवर्गही निघाले. तथापि दावे पुराव्याच्या पुढे धावतात, हेही नमूद करणे अवश्य आहे. मागील मांडीच्या स्नायूंची मालिश केल्यावर घोड्याचा पाय अधिक पुढे पडतो, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले; पण तो मोजक्याच घोड्यांवर झाला होता. मालिशीने शरीरातील विष निघून जाते वगैरे म्हणणे निराधार आहे. दुखणे बरे करणे हे मालिशीचे काम नव्हे. निदान व उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचे असतात.

काही प्रसंगी तर हात लावणेच वर्ज्य. ताप, उघडी जखम, ताजी मुरगळ यांत मालिश करू नये. श्रमानंतर मांड्यांचे स्नायू दगडासारखे कठीण झाले, घोडा पाऊल टाकेना आणि लघवी गडद तांबूस झाली, तर त्यास चोळू नये व चालवूही नये. आहे तेथेच उभा ठेवून पशुवैद्यास बोलवावे. नाकातून घट्ट पिवळा स्राव आणि पायांवर माळेसारख्या गाठी किंवा व्रण आढळल्यास ते ग्लँडर्सचे लक्षण असू शकते. हा रोग मनुष्यासही होतो व प्राणघातक ठरू शकतो. अशा घोड्यास इतरांपासून त्वरित वेगळे करावे आणि पशुसंवर्धन खात्यास कळवावे. २००९च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तसे कळविणे बंधनकारकही आहे.

तेलाविषयी भाविकांत गैरसमज फार. श्रद्धेने तेलाच्या बाटल्या आणल्या जातात. घोड्याच्या मालिशीस तेल लागत नाही. केसांत ते धूळ धरून ठेवते, आणि त्यावर खोगीर चढविले की कातडे सोलते. टर्पेंटाईन मिसळलेली झोंबणारी तेले तर कटाक्षाने टाळावीत. गुलाल व भंडारा उधळताना तो अश्वाच्या डोळ्यांत व नाकपुड्यांत जाणार नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

मिरवणुकीसाठी बाहेरून अश्व आणताना विश्वस्त मंडळी बिदागी ठरवितात, साज ठरवितात. त्याच वेळी मुक्कामाच्या जागी सावली, पाण्याची बादली, मऊ जमीन आणि मोतद्दारास निवांत असा अर्धा तास, एवढी सोय ठरवून घ्यावी. त्या अर्ध्या तासात घोड्याभोवती छायाचित्रांसाठी गर्दी होऊ नये, म्हणून एक स्वयंसेवक तेथे उभा करावा.