पद्मिनीला उसने ब्रेक

मोबाइलवर मागवलेलं मिक्सरचं भांडं भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोदामातून सुटतं आणि दोन दिवसांत दारात येतं. जुन्या प्रीमियर पद्मिनीचे डिस्क ब्रेक असे खोक्यातून येत नाहीत. ते दुसऱ्या गाडीचे उतरवून आणावे लागतात.

माहेरचं दुकान. ही गाडी कुर्ल्यात बनायची. मोडीतल्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी गाजलेला सीएसटी रोडही कुर्ल्यातच! प्रीमियरनेच नव्वदच्या दशकात कल्याणला प्यूजो ३०९ काढली होती, पुढच्या चाकांना डिस्कवाली. पण आता ती पद्मिनीपेक्षाही दुर्मीळ.

जुळी भावंडं. लुई रेनोचा ड्रम ब्रेक १९०२चा आणि लँचेस्टरचं डिस्कचं पेटंटही १९०२चंच. १९५३ला जॅग्वारने डिस्कच्या जोरावर ल मान्सची शर्यत मारली. तरी १९६४ला कुर्ल्यात बनू लागलेल्या फियाट डिलाइटला, म्हणजे पुढच्या पद्मिनीला, ड्रमच मिळाले.

दाता साधाच बरा. डॅटसन २४०झेड ही देखणी स्पोर्ट्स कार, पण तिचे शौकीन डिस्कवर पॅड दाबणारे कॅलिपर घेतात टोयोटाच्या सामान वाहणाऱ्या पिकअपचे. मॉरिस मायनरला मरिनाच्या डिस्क बसवतात, कारण मरिनाचं पुढचं सस्पेन्शन मायनरच्याच घराण्यातलं.

आपल्याकडे कोण? मारुती ८००चा कॅलिपर १२ इंची चाकात मावतो, पद्मिनीचं चाक १४ इंची. म्हणजे जागा भरपूर. पण मारुती साडेसहाशे किलोंच्या आसपास, पद्मिनी नऊशेच्या. वजनाने बरोबरीची एस्टीम जास्त पटते. नटांचं वर्तुळ आणि कॅलिपरचा ब्रॅकेट लेथवाल्याकडे जुळवून घ्यावा लागतो. ब्रेकचा सगळा जोर त्या ब्रॅकेटवर येतो, तेव्हा तिथे घासाघीस नको.

डिस्क लावली आणि पेडल दगड झालं! गंमत नाही, असंच होतं. ड्रममधला एक शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, म्हणून पायाला मदत होते. डिस्कला ती सवय नाही. तिला बूस्टर हवा. शिवाय ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात थोडा दाब धरून ठेवतो. डिस्कवर हाच दाब राहिला तर पॅड घासत राहतात, चाक तापतं, आणि दोष मात्र बिचाऱ्या डिस्कला. जुन्या गाडीत सर्किट एकच असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. माझं मत विचाराल तर आधी दोन सर्किटांचा मास्टर, मग डिस्कचा थाट. मागची चाकं पुढच्यांआधी अडकली तर गाडी गिरकी घेते, हेही मिस्त्रीकडून तपासून घ्या.

कसाऱ्याचं गणित. वेग ६०चा ८० झाला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा पावणेदोन पट होते. नाशिकहून भिवंडीकडे कसारा घाट उतरताना तापलेला ड्रम फुगतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जातं. डिस्क तापून फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते.

आणि आरटीओ? २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. या यादीत ब्रेकचं नाव नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांवर डोळा ठेवून असतंच, म्हणून पाना उचलण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या.