अंगणात मेलेलं रानजनावर सापडलं तर? आधी फोन, मग फावडं

फजरच्या नमाजला उठून दार उघडलं आणि अंगणात भेकर मरून पडलेलं दिसलं, तर घरात पहिलं वाक्य काय येतं? "गुपचूप पुरून टाका, उगाच भानगड नको."

पोलादपूर तालुक्यातील कापडे आणि महाड-पोलादपूरच्या इतर डोंगराळ गावांत घराची वाडी संपली की रान सुरू होतं. त्यामुळे असा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. कुत्र्यांनी पिटाळलेलं भेकर, विजेच्या तारेला चिकटलेला वानर, विहिरीत पडलेलं रानडुक्कर, कुंपणात अडकलेला मोर. आपल्या घरांत त्यात आणखी एक धास्ती असते. आपल्या आवारात जनावर मेलेलं दिसलं तर "यांनीच शिकार केली" असं कुणी म्हणणार नाही ना? पण या धास्तीपोटी गुपचूप जे केलं जातं, तेच पुढे अंगाशी येतं.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार संरक्षित वन्यप्राणी मेलेला सापडला, तर तो सरकारी मालमत्ता मानला जातो. असा प्राणी कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आपल्या अंगणात मेला म्हणून तो आपला होत नाही.

म्हणून त्याचं मांस, कातडं, शिंग, नखं, मोराची पिसं, साळिंदराचे काटे, खवल्या मांजराचे खवले यातलं काहीही काढून ठेवायचं नाही. "औषधाला चालतं" किंवा "मुलाच्या गळ्यात बांधू" म्हणून ठेवलेलं एक नखही पुरावा ठरू शकतं. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्यात ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

उलट, तुम्ही स्वतः फोन केला, अधिकारी आले आणि पंचनामा झाला, तर तो कागद तुमच्या बाजूने बोलतो. गुपचूप पुरलेलं जनावर कुत्र्यांनी उकरून काढलं, तर मग सांगत बसावं लागतं.

पहिल्या तासात काय करायचं?

१. हात लावू नका. मुलं, कोंबड्या, बकऱ्या, कुत्री-मांजरं लांब ठेवा.

२. लांबून दोन-तीन फोटो काढा. वेळ लक्षात ठेवा.

३. वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा आपल्या भागातल्या वनरक्षकाला फोन करा. फोन लागला नाही तर पोलीस पाटील किंवा ११२. ग्रामपंचायत आणि जमातीच्या एखाद्या जबाबदार माणसालाही सांगून ठेवा, म्हणजे चार साक्षीदार होतात.

४. जनावर विजेच्या तारेजवळ असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नका.

५. रानडुकराच्या आसपास गोळ्यासारखं काही पडलेलं दिसलं तर ते उचलू नका. शिकारी आमिषात स्फोटक भरून ठेवतात. गळ्यात किंवा पायात तारेचा फास असेल तर तो तसाच राहू द्या, तो पुरावा आहे.

६. मेलेला विषारी सापही धोक्याचाच. तोडलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. हाताने उचलू नका.

अधिकारी आल्यावर पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. बिबट्यासारखा प्राणी असेल तर पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतात आणि मग वन विभागाच्या देखरेखीखाली तो जाळला जातो. नखं-कातड्याचा व्यापार होऊ नये हा त्यामागचा हेतू.

हात का लावायचा नाही?

कारण जनावर कशाने मेलं ते आपल्याला ठाऊक नसतं. सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड उतरून दुसरं अंग शोधतात आणि माणसाला चावले की ताप येतो. म्हणून वानर किंवा माकड मेलेलं दिसलं तर वन विभागासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कळवा.

जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर पशुसंवर्धन विभागाला कळवायलाच हवं. कोल्हा, मुंगूस यांच्या लाळेतून रेबीजचा धोका असतो. लाळ जखमेला लागली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुम्हालाच पुरायला सांगितलं तर

लहान प्राणी किंवा पक्षी असेल तर "तुम्हीच पुरून टाका" असं अधिकारी सांगू शकतात. अशा वेळी कोणी आणि कधी सांगितलं ते लिहून ठेवा. उंदीर-घुशीची विल्हेवाटही याच पद्धतीने लावा.

रबरी हातमोजे घाला, तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधा, फावड्याने उचला. जनावराच्या वर किमान तीन फूट माती येईल इतका खोल खड्डा खणा. विहीर, बोअरवेल, ओढा यापासून जागा शंभर फुटांहून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावी. पावसाचं पाणी जमिनीत झिरपतं, त्यामुळे पावसाळ्यात हे अंतर फार महत्त्वाचं. चुना टाका, माती दाबा, वर मोठे दगड ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरू नका. पडलेली जागा आणि फावडं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा.

नदीत मात्र टाकू नका. आपण वर टाकलेलं सावित्रीच्या पाण्यातून खालच्या गावाच्या घाटावर जातं. जनावर विहिरीत मेलं असेल तर ते पाणी पिणं थांबवा आणि उपसा व शुद्धीकरणासाठी ग्रामपंचायतीला कळवा.

पाकीचा प्रश्न

मुर्दार खाणं हराम आहे. "आत्ताच मेलंय, अजून गरम आहे" असं म्हणून हलाल होत नाही. जनावर कोरडं आणि हातही कोरडा असेल तर नजासत लागत नाही. ओल, रक्त लागलं असेल तर हात आणि कपडे धुतले की झालं, गुस्ल वाजिब होत नाही. रानडुकराची ओल लागली असेल तर शाफई मसलकात सात वेळा, त्यात एकदा माती मिसळलेल्या पाण्याने धुण्याचा हुकूम आहे. कोकणातली बहुतेक घरं याच मसलकाची आहेत. शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा. मात्र पाकी झाली तरी साबण सोडू नका, कारण जंतूंसाठी तोच लागतो.

आज एवढं करा. १९२६ हा नंबर आणि आपल्या वनरक्षकाचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा. पहाटे दार बहुतेक वेळा घरातली बाईच उघडते. नंबर तिच्याकडे असायला हवा.